दुकानदार आपल्यातलाच असेल तर?



दारूचं दुकान बंद करायचं म्हटलं की आपल्याला उभी बाटली, आडवी बाटली आठवते. बाया मतदान करतात, दुकान बंद होतं. पण दुकानदार आपल्याच समाजातला, आपल्याच नात्यातला असला की आवाज जरा खाली येतो, हो ना? म्हणून आज आम्ही एका लांबच्या शहराबद्दल सांगणार आहोत.

शिकागो, अमेरिका. शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वस्त्या आहेत. कारखाने गेले, मोठी दुकानंही गेली. उरली कोपऱ्यावरची छोटी दुकानं. त्यातली बरीच अरब मुस्लिम कुटुंबांची. तिथं दारू, सिगारेट, वेफर्स, गोड सरबतं मिळायची; ताजी भाजी मात्र शोधावी लागायची. मालक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये जाड काच. रात्री गल्ला घेऊन मालक उपनगरातल्या घरी. जे स्वतःच्या घरात हराम, ते शेजाऱ्याला विकायचं! वस्तीत याचा राग होता, आणि त्या वस्तीत कृष्णवर्णीय मुसलमानही होते.

१९९७ साली रामी नशाशिबी आणि सोबत्यांनी तिथं ‘इनर-सिटी मुस्लिम ॲक्शन नेटवर्क’ सुरू केलं. इंग्रजी आद्याक्षरांचं नाव होतं ‘इमान’. अरबीत त्याचा अर्थ श्रद्धा. आपण मराठीत इमान कशाला म्हणतो, ते सांगायला नको. या लोकांनी मोफत दवाखाना चालवला, तोही सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी. दवाखाना काढला की सगळे कौतुक करतात. अवघड काम पुढचं होतं. ते आपल्याच दुकानदारांकडे गेले आणि म्हणाले, शेजाऱ्याशी नीट वागा, फळं-भाज्या ठेवा. कौतुक सोडा, आपल्याच लोकांची नाराजी ओढवून घेणारं हे काम. आम्हाला संस्थेचं मोठेपण इथं दिसतं.

बँकांच्या जप्तीमुळे वस्तीतली घरं ओस पडली होती. तुरुंगातून सुटून आलेल्या तरुणांना सुतारकाम, वायरिंग शिकवून तीच घरं दुरुस्त करायला लावली. मजुरी मिळाली, हातात कसब आलं.

याच भागातल्या मार्केट पार्कमध्ये १९६६ साली घरांच्या भेदभावाविरुद्धच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांना दगड लागला होता. पन्नास वर्षांनी, २०१६ साली, तिथं स्मारक उभं राहिलं; त्यात ‘इमान’ पुढे होतं.

आणि भाजीचं काय? शेजारच्या एंगलवुड वस्तीत एका मोठ्या कंपनीनं २०१६ साली गाजावाजा करून बाजार उघडला आणि २०२२ साली बंद केला. त्याच वर्षी तिथं ‘इमान’नं वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन स्वतःचं किराणा-भाजीचं दुकान उघडलं होतं.

येत्या बैठकीत आमच्या गटांनी ठरवलंय, आपल्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात काय विकलं जातं त्याची यादी करायची. सुरुवात आपल्या सभासदांच्या दुकानांपासून.