आमच्या टॅबलेटचा बघण्याचा कार्यक्रम

जत तालुक्यातून मी तुमची समन्वयक ताई बोलतेय. मागच्या वेळी शेळ्यांच्या विम्यावर बोलले होते, त्यावर बऱ्याच जणींचे फोन आले. त्यांची उत्तरं पुढच्या भाषणात देईन. आज जरा वेगळं सांगायचं आहे. आमच्या गावातल्या मुलींनी सहा मिनिटांचा एक नकलेचा व्हिडिओ केला, दोन टॅबलेटची तुलना करणारा. तुमच्यापैकी काही जणींनी तो फोनवर पाहिलाही असेल. तो तुमच्यापर्यंत यायला नको होता. का, ते शेवटी सांगते.

झालं असं की आमच्या ग्रामसंघात चौदा गट. प्रत्येक गटाच्या वह्या वेगळ्या, बचतीची, कर्जाची, इतिवृत्ताची. आता माहिती ॲपवरही भरायची असते. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर आकडे भरता भरता डोळे दुखायचे, शून्य एक कमी पडायचं नाहीतर जास्त. म्हणून ठराव झाला, ग्रामसंघाच्या पैशातून एक टॅबलेट घ्यायचा. पैसे म्हणजे काय, पापड, शेंगदाणा चटणी आणि दंडाची रक्कम. बैठकीला उशिरा येणाऱ्या बायकांनी टॅबलेटला चांगला हातभार लावला आहे, हे मान्यच करायला हवं.

बाजाराच्या दिवशी दोन दुकानदार एकेक टॅबलेट घेऊन आले. एक साडेअकरा हजारांचा, दुसरा पंधराचा. दोघंही बोलायला वस्ताद. रॅम इतकी, कोअर इतके, मेगापिक्सेल इतके. आम्ही सगळ्या माना हलवत होतो. मी बी.ए. झालेय, इतिहास घेऊन, मीही मान हलवत होते. ‘कोअर म्हणजे काय?’ हे विचारायची लाज मला सगळ्यांत जास्त वाटली, कारण बाकीच्या माझ्याकडे बघत होत्या.

मग आमच्या कोषाध्यक्ष काकूंनी स्वस्तातल्या टॅबलेटवर बोट ठेवलं. काही झालं नाही. परत ठेवलं, जोरात दाबलं. काही नाही. दुकानदाराबरोबर आलेला पोरगा हसून म्हणाला, ‘मावशी, तुम्ही नका हात लावू, एखाद्या पोरीला द्या.’ काकूंनी हात पदराखाली घेतला. बावीस वर्षं गटाचा पैसा मोजणारा हात तो. संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, ‘पोरी, आता हे पद दुसऱ्या कुणाला तरी दे. त्या काचंला माझं बोट दिसत न्हाय.’

हे का होतं ते आधी सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आधारच्या अंगठ्याचाही असाच त्रास झाला असेल. ते मशीन वेगळं, ते बोटावरच्या रेषा बघतं आणि कामानं रेषा झिजलेल्या असतात. टॅबलेटच्या काचेचं निराळं आहे. काचेखाली विजेचा अगदी हलका भार पसरलेला असतो. आपलं बोट टेकलं की त्यातला किंचित भार बोटाकडे ओढला जातो आणि तो कुठं ओढला गेला ते मशीन ओळखतं. बोटाची कातडी मऊ आणि थोडी ओलसर असली की हे चटकन होतं. खुरपं, विळा, भांडी, राख, यांनी कातडी जाड आणि कोरडी झाली की मशीनला बोट कळत नाही. जोरात दाबून उपयोग नसतो, कारण ते दाब मोजतच नाही. दाब मोजणारे पडदेही असतात. २०११ मध्ये सरकारनं विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅबलेट आणला होता, त्याचा पडदा तसा होता. त्याला नखानं दाबलं तरी कळायचं, पण चालायचा हळू. पुढच्या वर्षी आलेल्या ‘आकाश २’ला आताच्यासारखी काच आली. म्हणजे काकूंच्या बोटात काही कमी नव्हतं. ती काच मऊ बोटांचा अंदाज धरून बसली होती, एवढंच.

मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पद सोडायचं काही डोक्यातून जाईना.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी कॉलेजला जाते. तिनं मला मोबाईलवर जुन्या जाहिराती दाखवल्या. ॲपल कंपनीनं २००६ ते २००९ या काळात साठाहून जास्त जाहिराती केल्या होत्या. पांढऱ्या भिंतीपुढे दोन माणसं उभी. जीन्स घातलेला तरुण म्हणजे ॲपलचा कॉम्प्युटर, आणि कोट-टायमधला अवघडलेला गृहस्थ म्हणजे बाकीच्यांचा. दर वेळी फजिती कोटवाल्याची. लोकांनी घरबसल्या त्याच्या भरपूर नकला केल्या. २०१० मध्ये आयपॅड आला, मग टॅबलेटची भांडणं सुरू झाली. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक जाहिरात केली, तिच्यात आयपॅड आणि दुसरा टॅबलेट शेजारी शेजारी ठेवलेले, आणि आयपॅडच्या आवाजात आयपॅडच आपलं उणं कबूल करतोय!

मी म्हटलं, गंमत आहे, पण आपल्याला काय त्याचं? ती म्हणाली, ‘ताई, बघा ना, ज्याची जाहिरात त्यानंच प्रश्न काढलेत. त्याला जे येतं तेवढंच विचारलंय. आपल्या इथं पण दुकानदारांनी तेच केलं. प्रश्न आपण काढायचे.’

आणि प्रश्न काढायची आपली पद्धत कुठली? बघण्याचा कार्यक्रम! दोन दुकानदारांनी दोन दिवसांसाठी टॅबलेट ठेवून घ्यायला दिलेच होते. मुलींनी त्यांना कागदाच्या टोप्या घातल्या आणि पाटावर बसवलं. दोन स्थळं. नवरी म्हणजे आमची कर्जाची वही, हिरव्या खणात गुंडाळलेली. आणि नवरीची आत्या कोण, तर कोषाध्यक्ष काकू. त्या आधी नाही म्हणाल्या. मग मुलींनी सांगितलं की आत्याला फक्त खोड्या काढायच्या आहेत. म्हणाल्या, ‘येवढंच असंल तर जमंल.’

काय प्रश्न विचारले त्यांनी! ‘मुलाचं वय काय?’ पाठीमागून एक मुलगी टॅबलेटचा आवाज काढून म्हणाली, ‘नवीनच आहे, खोक्यातून आत्ताच काढलाय.’ काकू म्हणाल्या, ‘खोक्याचं न्हाय, पोराचं वय सांग.’ मैत्रिणींनो, हा प्रश्न फार कामाचा आहे. खोकं नवं असलं तरी आतली अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असू शकते. मग वर्षा-दोन वर्षांत ॲप म्हणतं, तुमच्या मशीनवर मी चालत नाही. सेटिंगमध्ये ‘टॅबलेटविषयी’ असं लिहिलेलं असतं, तिथं आवृत्ती दिसते. ते म्हणजे जन्माचा दाखला समजा.

‘जमीन किती?’ ‘बत्तीस जीबी.’ ‘सातबारा दाखव.’ सातबारा उघडला तर त्यातला मोठा तुकडा मशीनच्या स्वतःच्याच प्रणालीनं आधीच अडवलेला! बोजा चढवलेली जमीन. पुढे काकूंनी विचारलं, ‘स्वतःचं घर आहे का?’ आणि स्वस्तातला टॅबलेट लाजून म्हणतो, ‘नाही, मी घरजावई होणार. दुसऱ्याच्या फोनच्या नेटवर राहणार.’ म्हणजे त्याला सिम घालायला जागाच नव्हती. नुसता वाय-फायवर चालणारा. हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं, आणि खोटंही बोलला नव्हता. आम्ही विचारलंच नव्हतं.

मग दोन्ही स्थळांना भर दुपारी अंगणात नेलं. पंधरा हजारांच्यावर अक्षरं दिसत होती, जरा डोळे बारीक करून. साडेअकराच्याचा आरसा झाला. काकूंनी त्यात बघून कुंकू नीट केलं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं हां, त्यांच्या मनाचं. इथं आम्ही सगळ्या इतक्या हसलो की व्हिडिओ हललेला दिसतो.

भाषा विचारली. आमच्याकडे निम्म्या घरांत कन्नड बोलतात, त्यामुळे जावयाला दोन्ही यायला हव्यात. दोघांनाही लिहिता येत होतं. मराठीत बोलून लिहायला सांगितलं तर एकानं ‘व्याज’चं ‘प्याज’ केलं. कर्जावर दोन टक्के प्याज. आजारी पडला तर दवाखाना कुठं, हेही विचारलं. एकाची दुरुस्ती तालुक्यात, दुसऱ्याची सांगलीला, म्हणजे सकाळची एसटी धरली तरी अख्खा दिवस गेला.

शेवटी काकूंनी बोट पुढं केलं. स्वस्तातल्यानं ओळखलं नाही. दुसऱ्यानं तिसऱ्या खेपेला ओळखलं. काकू कॅमेऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘ज्याला कष्टाचा हात वळखत न्हाय, त्येच्या घरी आमची पोर द्यायची न्हाय.’ आणि वही काखेत मारून निघून गेल्या. संपला व्हिडिओ.

बैठकीत तो दाखवला. हसून हसून दमल्यावर मागून एक जण म्हणाली, ‘पण खरंच, सिम लागंल की आपल्याला?’ आणि तिथून अर्धा तास नुसते प्रश्न. दुकानदार समोर होते तेव्हा जी एकही बोलली नव्हती, ती विचारत होती की बॅटरी पावसाळ्यात वीज गेल्यावर किती टिकंल. आम्ही नऊ प्रश्न कागदावर लिहून दोघांना पाठवले. एकानं उत्तरं लिहून, सही करून दिली. दुसरा रागावला.

त्याचा राग थोडा बरोबर होता, तेही सांगते. मुलींनी व्हिडिओत त्याचा टॅबलेट दोन तासांत झोपतो असं दाखवलं होतं, घोरण्याचा आवाज काढून. तसं काही झालंच नव्हतं, हसवायला घातलं होतं. आम्ही त्याला फोन करून चूक मान्य केली आणि तेवढा तुकडा काढला. घेतला मात्र पंधराचाच, बिल आणि वॉरंटी कार्ड ग्रामसंघाच्या नावानं.

आता माझी चूक. मला व्हिडिओचा इतका अभिमान वाटला की मी तो तालुक्याच्या समन्वयकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. काकूंना विचारलं नाही. तिथून तो कुठं कुठं गेला, देव जाणे. चार दिवसांनी काकूंच्या मुलाला पुण्यात कंपनीतल्या सोबत्यानं दाखवला, ‘ही बघ गावाकडची आजी’ म्हणून. खाली हसणारी तोंडं, आणि बोट चालत नाही त्या जागेवरच कुणीतरी तुकडा कापलेला. पुढचं वाक्य गायब. म्हणजे उरलं काय, एक म्हातारी बाई काचेवर बोट घासतेय. मुलगा आईवर ओरडला, सुनेनं दोन दिवस फोन उचलला नाही.

मी त्यांच्या घरी गेले. काकू शेळ्यांना पाला टाकत होत्या. मी माफी मागितली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘हसायचं काय न्हाय गं. मीच हसवलं. पर तू मला इचारायला पायजे हुतंस. दुकानवाल्या पोरानं इचारलं न्हाई, तू पण न्हाई.’

त्या पोराच्या शेजारी मला बसवलं त्यांनी. यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, अजूनही नाही.

मी ज्या गटावर व्हिडिओ टाकला होता तिथून तो काढला, आणि तिथंच लिहिलं की परवानगी न घेता टाकला होता, कुणी पुढे पाठवू नये. गेलेला काही परत येत नाही, हे ठाऊक आहे. मुलाला काकूंनीच पूर्ण व्हिडिओ पाठवायला लावला, सहाच्या सहा मिनिटं. त्यानं पाहिला. काही बोलला नाही, पण दिवाळीला आला तेव्हा रबरी टोकाचा पेन घेऊन आला, काचेवर लिहायचा.

पुढच्या बैठकीत काकूंनी स्वतः ठराव मांडला: गटातल्या कुणाचाही फोटो किंवा व्हिडिओ, तिला दाखवून आणि विचारून झाल्याशिवाय, गटाबाहेर पाठवायचा नाही. सूचक काकू, अनुमोदक मी. इतिवृत्तात लिहिलं आहे, वहीतही आणि टॅबलेटवरही. आजच्या भाषणात हे सगळं सांगू का, हेही त्यांना विचारलं. भाषण त्यांना वाचून दाखवलं. ‘प्याज’ची गोष्ट राहिली होती, ती त्यांनी घालायला लावली.

टॅबलेट आता जुन्या नऊवारीच्या पिशवीत असतो आणि काकूंच्याच घरी असतो. उन्हाळ्यात आम्हाला कडबा कुट्टीचं मशीन घ्यायचं आहे, दोन कंपन्यांची माणसं येऊन गेलीत. मुली परत मागे लागल्या आहेत. काकू म्हणतात, या खेपेला आत्या नाही, वरमाईचं काम पाहिजे.

तुमच्या गटानं मशीन घेताना काय प्रश्न विचारले ते मला लिहून कळवा. पुढच्या वेळी शेळ्यांच्या विम्याची उत्तरं घेऊन येते. नमस्कार.