गाडी बदलताना मुंबईत एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या ‘माझा अनुभव’ या कार्यक्रमातील भाषण)



आपल्या कार्यवाहबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. हळदीकुंकवाच्या दिवशी पाटाभोवती बसून मी हवे तितके बोलेन, पण समोर ध्वनिक्षेपक आला की माझी जीभ टाळूला चिकटते. बाई म्हणाल्या, “भाषण कशाला करता? मुंबईची ती दुसरी सहल सांगा, ती पाच पाकिटांची.” आता पाकिटांची गोष्ट निघाली म्हटल्यावर मला गप्प राहवेना.

माझ्या धाकट्या नणंदेला अमरावतीला दिले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्या रत्नागिरीहून अमरावतीला जायचे म्हणजे रात्री कोकणकन्येत बसायचे, पहाटे मुंबईला शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरायचे आणि रात्री आठच्या सुमारास तिथूनच अमरावतीची गाडी धरायची. मधले चौदा तास मुंबईचे. हॉटेलात खोली घेण्याइतका वेळही नाही आणि फलाटावर बसून काढता येईल इतका थोडाही नाही. त्यात घरात दोन मुले, सत्तरीच्या सासूबाई आणि आमचे हे.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते 2018 च्या मे महिन्यात. तेव्हा आम्ही काहीच ठरवले नव्हते. “मुंबई काय, समोरच तर आहे, बघू उतरल्यावर,” असे ह्यांचे म्हणणे. उतरल्यावर जे बघितले ते सांगते. वार रविवार. आहेराचे कापड घ्यायचे म्हणून आम्ही आधी मंगलदास मार्केट गाठले, तर ते बंद. रविवारी ते बंदच असते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते आणि आम्ही कुणाला विचारलेही नव्हते. हातात तीन बॅगा, एक पिशवी, पाण्याच्या बाटल्या. ऊन म्हणजे तापलेला तवा. टॅक्सी केली, ती सोडली, पुन्हा दुसरी केली. एका ठिकाणी हवे तितके वाढणारी थाळी आहे म्हणून सगळ्यांसाठी थाळ्या घेतल्या. धाकट्याने दोन पुऱ्या आणि जिलबीचा तुकडा खाल्ला, पैसे मात्र पूर्ण थाळीचे. पदपथावर एक साडी घेतली, ती पहिल्याच धुण्यात अशी विटली की पांढरे परकरही गुलाबी झाले. दुपारी चार वाजता आम्ही पाचही जण फलाटावर येऊन बसलो आणि गाडी येईपर्यंत कुणी कुणाशी बोलले नाही.

पैसे किती गेले याचा हिशेब मी अमरावतीला पोचल्यावर केला. चार हजार सातशे रुपये. आणि दाखवायला काय, तर ती साडी.

त्या रात्री गाडीत सासूबाई एवढेच म्हणाल्या, “अगं, मला विचारले असतेस तर सांगितले असते, रविवारी तिकडे जाऊ नका म्हणून.”

भगिनींनो, हे वाक्य माझ्या मनाला फार लागले. आमचे मामंजी लालबागला गिरणीत होते. लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षे सासूबाईंनी तिथल्या चाळीतल्या एका खोलीत काढली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो काही मिटेना, तेव्हा ही माणसे भांडीकुंडी बांधून गावी परतली. म्हणजे आमच्यात मुंबई ज्यांना खरोखर ठाऊक होती, त्या एकट्या सासूबाईच. आणि आम्ही त्यांना दिवसभर, “आई, इथे बसा, आई, पिशवीकडे लक्ष ठेवा,” एवढेच सांगत होतो.

पुढे 2023 च्या डिसेंबरात नणंदेच्या मुलीचे लग्न ठरले. पुन्हा तीच वाट आणि तेच चौदा तास. या वेळी मी आठ दिवस आधी वही घेऊन बसले आणि सासूबाईंना जवळ बसवले.

पहिला धडा त्यांनीच दिला. त्या म्हणाल्या, “लांबचे सकाळी रिकाम्या हाताने बघावे. स्टेशनाजवळचे संध्याकाळी, भरल्या हाताने.” इतकी साधी गोष्ट, पण सगळा दिवस तिच्यावर उभा राहिला. बाजाराची दुकाने तशीही सकाळी उशिरा उघडतात. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि मंगलदास मार्केट ही टर्मिनसपासून चालत जाण्यासारखी. म्हणून खरेदी शेवटी ठेवली. घेतले की सरळ स्टेशनवर. दिवसभर ओझे वागवायला नको.

दुसरे, वार. आम्ही शुक्रवार निवडला. रविवारी मंगलदास बंद आणि राणीची बाग बुधवारी बंद, हे तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

तिसरे, सामान. स्थानकावर क्लोकरूम असते. तिकीट दाखवून सामान ठेवता येते, मात्र प्रत्येक बॅगेला कुलूप हवे, नाहीतर घेत नाहीत. आम्ही चार छोटी कुलपे घरूनच नेली. पावती माझ्या पर्शीत. आधी प्रतीक्षालयात तोंडे धुऊन, कपडे बदलून मगच सामान ठेवले.

चौथी गोष्ट आपण बायका मोठ्याने बोलत नाही, पण इथे आपण आपल्याच आहोत. प्रवासात आपण पाणी पीत नाही. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई पहिल्या खेपेला दिवसभरात एक पेला पाणी प्यायल्या होत्या आणि अमरावतीला दोन दिवस आजारी पडल्या. म्हणून या वेळी दिवसाच्या आखणीत मी आधी स्वच्छतागृहे मांडली आणि मग प्रेक्षणीय स्थळे. सकाळी प्रतीक्षालय, मग वस्तुसंग्रहालय, मग जेवणाचे हॉटेल, शेवटी पुन्हा स्थानक. दोन-अडीच तासांपेक्षा मोठे अंतर कुठेच पडू दिले नाही.

आता पैसे. आहेरासकट या दिवसाला सहा हजार रुपये काढले आणि पाच पाकिटे केली. खाण्यासाठी दीड हजार, बस-टॅक्सीला चारशे, तिकिटे व पाहण्यासाठी सहाशे, खरेदीला तीन हजार आणि अडीअडचणीला पाचशे. नियम एकच, एका पाकिटातले संपले तर दुसऱ्यात हात घालायचा नाही. अडचणीचे पाकीट सासूबाईंच्या बटव्यात. ते मागायला कुणाची हिंमत होणार नाही, हे मी ओळखून होते.

खाण्याचेही ठरवून टाकले. सकाळ आणि दुपार बाहेर, रात्री गाडीत घरचा डबा. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि दाण्याची चटणी दोन दिवस सहज टिकतात. अमर्याद थाळी फक्त भरपूर जेवणाऱ्यानेच घ्यावी, मुलांनी नव्हे.

मग मी वहीचे एक पान घेऊन पाच नावे लिहिली आणि प्रत्येकाला विचारले, “तुला मुंबईत एकच गोष्ट मिळणार असेल तर काय हवे?” धाकटा म्हणाला, दुमजली बस. मुलगी म्हणाली, इराण्याकडचा बनमस्का. आमचे हे म्हणाले, “मला कुठेतरी अर्धा तास नुसते बसू द्या.” सासूबाई म्हणाल्या, मुंबादेवीचे दर्शन. मी सगळे लिहून घेतले आणि वही मिटली.

सासूबाईंनी ती पुन्हा उघडली. म्हणाल्या, “अगं, पाच नावे आहेत आणि चारच इच्छा. तुझ्या नावापुढे काही नाही?”

मी म्हटले, “मला काय हवे असणार? तुमचे सगळ्यांचे नीट झाले म्हणजे झाले.”

त्या म्हणाल्या, “असे मीही म्हणत होते. चाळीत असताना मला एकदा राणीची बाग बघायची होती. लालबागहून ती किती लांब? पण दर महिन्याला पुढच्या महिन्यावर टाकली. मग संप झाला आणि गावी आलो. तू लिही.”

मैत्रिणींनो, मी पेन हातात घेऊन बसले, तर मला आठवेचना. आपल्याला काय हवे ते आठवायला मला पाच मिनिटे लागली. मग आठवले. शाळेत असताना मी ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. आमचे चित्रकलेचे मास्तर सांगत, मुंबईला गेलात तर जहांगीर आर्ट गॅलरी बघा. 1952 साली उघडलेली, मोठमोठ्या चित्रकारांची चित्रे लागतात तिथे. मी घाबरत घाबरत तेवढे लिहिले. खर्चाच्या रकान्यात काय लिहावे म्हणून मुलीने मोबाइलवर पाहिले. प्रवेश विनामूल्य! वीस वर्षे मी जे मनातून खोडून टाकले होते, त्याला एक रुपयाही लागत नव्हता.

तो दिवस कसा गेला ते आता थोडक्यात सांगते. सकाळी स्थानकाजवळच्या पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी. तिथून टर्मिनसची इमारत बाहेरून डोळे भरून पाहिली. 1887 सालची ती वास्तू, 2004 मध्ये जागतिक वारसा ठरली. इतक्या वेळा तिच्यातून गेलो, पण मागे वळून कधी बघितले नव्हते. जुन्या लाल दुमजली बसगाड्या त्याच वर्षी सप्टेंबरात बंद झाल्या म्हणून धाकटा हिरमुसला होता, पण विजेवर चालणारी नवी दुमजली बस मिळाली. वरच्या मजल्यावर, अगदी पुढे बसून तो नरिमन पॉइंटपर्यंत गेला. तिथे समुद्राच्या कठड्यावर आमचे हे अर्धा तास बसले. कुणीही त्यांना हाक मारली नाही. फुकटात पार पडलेली ही पहिली इच्छा.

मग काळा घोडा. वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडते. ह्यांना, मुलाला आणि सासूबाईंना तिथे सोडून मी अकरा वाजता शेजारच्या जहांगीरमध्ये गेले. मुलगी म्हणाली, “आई, मी येऊ?” आम्ही दोघी तासभर तिथे होतो. जलरंगातले एक चित्र होते, पावसातले भाताचे खाचर. मुलीने विचारले, “आई, हे ओले कसे दाखवले?” आणि मी तिला सांगू लागले, कागद आधी ओला करून घ्यायचा, रंग सुकायच्या आत दुसरा सोडायचा. बोलता बोलता लक्षात आले, मला सगळे येते आहे. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला चौदा वर्षांत कुणी सांगितलेच नव्हते, की तिची आई चित्रे काढीत असे.

दुपारी फोर्टात साधे उडुपी जेवण. मग धोबी तलावला कयानीकडे बनमस्का आणि चहा. सासूबाई आधी “मी इराण्याकडे काही खायची नाही” म्हणाल्या. मग दोन चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “तुझे सासरे पगाराच्या दिवशी मला इराण्याकडेच चहा पाजत.”

बाजारात मात्र सूत्रे त्यांच्याकडे. मंगलदासात पहिल्या दुकानात काही घ्यायचे नाही, तीन ठिकाणी भाव विचारायचा. कापडाचा पन्हा आधी बघायचा. पन्हा कमी असला की मीटर स्वस्त असूनही कापड जास्त लागते. ओल्या रुमालाचे टोक कापडावर घासून रंग जातो का ते पाहायचे. आणि जे रत्नागिरीत त्याच भावात मिळते, ते मुंबईहून उचलून आणायचे नाही. आहेराची कापडे, नणंदेसाठी दोन ब्लाउजपीस, मुलीसाठी लेस, एवढे घेऊन आम्ही पायी मुंबादेवीला गेलो. सासूबाईंनी हात जोडले आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. काय मागितले ते मी विचारले नाही.

तिथून त्यांचे पाय दुखू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच बटवा उघडला आणि टॅक्सीचे पैसे काढले. सहा वाजता सामान सोडवले आणि सातच्या आत हातपाय धुऊन फलाटावर. पाच पाकिटांत मिळून तीनशे दहा रुपये उरले. त्याची नणंदेच्या मुलीसाठी अमरावतीत मोगऱ्याची वेणी आणि पेढे घेतले.

आता शेवटचे सांगते आणि बसते. काटकसर म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण भाजीवाल्याकडे पाच रुपये वाचवतो, दिवाळीला साडी पुढे ढकलतो. पण काटकसर करताना आपण पहिली काट आपल्याच नावावर मारतो. पुष्कळदा तर किंमत न विचारताच मारतो. पैशाचा हिशेब घरातली कोणतीही बाई उत्तम मांडते. पानावर स्वतःचे नाव लिहून त्यापुढे काही लिहिणे, हेच तिला अवघड जाते. मला ते सासूबाईंनी शिकवले. त्यांच्या वेळी त्यांना ते सांगणारे कुणी नव्हते.

येताना परतीच्या वाटेवरही आम्हाला मुंबईत एक दिवस मिळाला. तो आम्ही मुद्दाम बुधवार येऊ दिला नाही. एकाहत्तराव्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या सासूबाईंनी राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले आणि म्हणाल्या, “चाळीस वर्षे उशीर झाला, पण तेव्हा हे नव्हते हो इथे.” आम्ही सगळे हसलो. त्या मात्र नातवाचा हात धरून पुढे गेल्या.

मंडळाची सहल मार्चमध्ये निघणार आहे. यादी करणाऱ्या भगिनींना माझी एवढीच विनंती आहे, की नावापुढे वर्गणीचा रकाना आहे, तसाच ‘काय बघायचे आहे’ असा एक रकाना ठेवावा. आणि ज्येष्ठ भगिनींना आधी विचारावे. कुणी “काही नको, तुम्ही ठरवा” म्हणाली, तर वही मिटू नये.