मार्शल, फेंडर, व्हॉक्स आणि कागदाचा कोन

वर्धा, सेवाग्राम, सावंगी अशा कॉलेजांच्या गावी गॅदरिंग जवळ आलं की रॉक वाजवणाऱ्या पोरांमध्ये एक वाद हमखास पेटतो. गिटारचा ॲम्प कोणता भारी, मार्शल, फेंडर की व्हॉक्स? तिन्ही ॲम्प समोर बसून ऐकलेली पोरं हाताच्या बोटांवर मोजावीत, पण त्यामुळे वादाची धार काही बोथट होत नाही. शेवटही ठरलेला असतो. तिन्ही ॲम्प व्हॉल्व्हचे, व्हॉल्व्हचा आवाज गोड, ट्रान्झिस्टरचा कोरडा. आपल्याला व्हॉल्व्हचा ॲम्प परवडत नाही, सबब आपला आवाज असाच राहणार. माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. व्हॉल्व्हला कमी लेखायचा माझा हेतू नाही. पण या तीन नामांकित ॲम्पांच्या आवाजात जो फरक कानाला जाणवतो, त्यात सर्वांत मोठा वाटा स्पीकरचा आणि तो ज्या खोक्यात बसवलेला असतो त्या खोक्याचा आहे. व्हॉल्व्हचे जे गुण आपण गातो, त्यांतलेही बरेचसे स्पीकरच्याच तोंडून बाहेर पडतात.

पुरावा घरातूनच सुरू करू. वयस्क श्रोत्यांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही, आधी तापायचा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून असे व्हॉल्व्ह देशातच बनवायला घेतले. रेडिओत शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे स्पीकर हलवण्याच्या कामावर, पुष्कळदा ईएल ८४ नावाचा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह असे. एकटा असला तर तो ५ ते ६ वॅट देतो. आता इंग्लंडमधल्या डार्टफर्डला चला. तिथे टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीसाठी डिक डेनी यांनी व्हॉक्स एसी ३० हा ॲम्प रचला. शॅडोज, बीटल्स आणि पुढे क्वीनचा ब्रायन मे यांच्यामुळे त्याचा आवाज जगभर गेला. त्याच्या पोटात शेवटच्या टप्प्यावर कोण आहे? तोच ईएल ८४, फक्त चार नग. म्हणजे सकाळची भक्तिगीतं ज्या जातीच्या व्हॉल्व्हमधून घरात आली, त्याच जातीच्या व्हॉल्व्हमधून ब्रायन मेची गिटारही आली. आवाज व्हॉल्व्हच्या काचेत भरून ठेवलेला असता, तर हे शक्य नव्हतं. रेडिओत व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीच्या आत राबवतात, एसी ३० मध्ये कुवतीबाहेर ढकलतात, हा एक फरक. दुसरा फरक मंडलातला, म्हणजे सर्किटातला. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा फिरवून परत आत द्यायचा आणि त्यातून दोष पुसून काढायचे, ही सोय बहुतेक ॲम्पांत असते. एसी ३० च्या शेवटच्या टप्प्यात ती नाही. त्यामुळे त्याचा आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू खरखरीत होत जातो. आणि तिसरी गोष्ट, सेलेस्टियनचे निळे स्पीकर. एकेक १५ वॅटचा, असे दोन. तीस वॅटच्या ॲम्पला बरोबर तीस वॅट झेपणारे स्पीकर, वर काही शिल्लक नाही! मंडप डेकोरेशनवाला असला हिशेब कधी करणार नाही, कॉइल जळण्याची भीती असते. पण व्हॉक्सची ती प्रसिद्ध चमक याच ताणावर उभी आहे.

याहून पक्का पुरावा मार्शलच्या जन्मकथेत आहे. कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडर यांच्या कंपनीने बेस गिटारसाठी बासमन नावाचा ॲम्प काढला. त्याची १९५८ ते १९६० च्या सुमाराची आवृत्ती जाणकारांत ५एफ६-ए म्हणून ओळखली जाते. त्यात दहा इंची चार जेन्सन स्पीकर होते आणि मागची बाजू उघडी. बेसच्या कामाला तो यथातथाच ठरला, पण साध्या गिटारवाल्यांनी उचलून धरला. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये जिम मार्शल हे ड्रमचे शिक्षक वाद्यांचं दुकान चालवत. अमेरिकन माल तिथे महाग पडायचा. १९६२ मध्ये त्यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून स्वतःचा ॲम्प बांधला, तो जेटीएम ४५. हे बासमनचं जवळजवळ जसंच्या तसं मंडल होतं. कॉपीच म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुरुवातीच्या काही ॲम्पांत शेवटचे व्हॉल्व्हही बासमनचेच, ५८८१. मग आवाज इतका वेगळा का निघाला? कारण जेन्सनच्या जागी इंग्लंडमध्ये सहज मिळणारे बारा इंची सेलेस्टियन आले. एक-दोन स्पीकर जोर सोसेनात, म्हणून एका खोक्यात चार बसवले, आणि खोकं मागून बंद केलं. उघड्या खोक्यात स्पीकरच्या पाठीमागून निघणारा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि खालचे सूर बरेचसे आपसात खोडले जातात. बंद खोक्यात तसं होत नाही. खर्ज घट्ट होतो आणि आवाज सरळ छातीवर येतो. ज्याला आपण मार्शलचा दणका म्हणतो, त्याचं निम्मं श्रेय या प्लायवुडच्या पेटीला द्यायला हवं.

इथे कोणी म्हणेल, मंडल अगदी तंतोतंत सारखं नव्हतं. बरोबर आहे. मार्शलमध्ये पहिल्याच टप्प्यावर जास्त ताकदीचा ईसीसी ८३ होता, फेंडरमध्ये सौम्य १२एवाय७. ट्रान्सफॉर्मर वेगळे होते, परतीचा अंश घेण्याची जागाही वेगळी होती. त्यामुळे मार्शल लवकर फाटतो, हे मान्यच. पण बासमनमध्ये ईसीसी ८३ बसवला तर तो लवकर फाटणारा बासमन होतो, मार्शल होत नाही. उलटी तपासणीही उपलब्ध आहे. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनने जी गिटार वाजवली, ती मार्शलच्याच ॲम्पवर. पण तो एकाच पेटीतला, बारा इंची दोन स्पीकरचा, मागून उघडा ॲम्प होता. कुटुंब तेच, तरी तो जाडसर, मोकळा आवाज जिमी हेंड्रिक्सच्या शंभर वॅटच्या मार्शलच्या भिंतीसारखा मुळीच नाही. शेवटचे व्हॉल्व्ह आणि वॅटही वेगळे होते, हे खरं. पण मोकळेपणा येतो तो पेटीतूनच.

स्पीकर इतका फरक पाडतो याचं कारण अगदी साधं आहे. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ७५ ते ५००० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट वाजवतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, म्हणजे खालून पट्टा नेमका पुरतो. पण वर ५००० नंतर आवाज वेगाने गळतो. फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीची बोचरी कचकच प्रचंड असते. ती स्पीकरचा कागदाचा कोन गाळून टाकतो, आणि जे उरतं त्याला आपण गोडवा म्हणतो. हे पडताळायला लंडनला जायला नको. हल्ली पोरांकडे जी मल्टी-इफेक्टची पेटी असते, तिच्यात कॅबिनेटची नक्कल करणारं एक बटण असतं. मार्शलचा आवाज निवडा आणि तेवढं एक बटण बंद करून हेडफोन लावा. व्हॉल्व्हची नक्कल तशीच चालू आहे, तरी कानात बाटलीत कोंडलेल्या माश्यांची भणभण सुरू होते. दुसरा दाखला रस्त्यावरचा. आपल्या विदर्भात धुमाल पार्टीच्या गाडीवर कीबोर्ड भोंग्यातून वाजतो, तोही कुवतीबाहेर ढकललेला. भोंग्याला खर्ज जवळजवळ नसतो आणि मधला-वरचा पट्टा तो भाल्यासारखा पुढे फेकतो. वरातीच्या गर्दीतून लांबवर पोचायला तेच हवं, म्हणून धुमालवाल्यांची निवड चुकीची नाही. पण त्याच भोंग्याला उत्तमातला उत्तम मार्शल जोडला, तरी हेंड्रिक्स ऐकू येणार नाही.

आता खरा आक्षेप. मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले जे सूर उमटतात, ते स्वरांश. व्हॉल्व्ह सम पटीतले स्वरांश देतो, ट्रान्झिस्टर विषम पटीतले, म्हणून व्हॉल्व्ह गोड, असं सर्रास सांगितलं जातं. सुरुवातीच्या टप्प्यांबाबत त्यात तथ्य आहे. पण मार्शल, एसी ३०, बासमन या तिघांतही शेवटचे व्हॉल्व्ह जोडीने, एकमेकांविरुद्ध काम करतात, आणि त्या रचनेत त्या टप्प्यावर तयार होणारे सम स्वरांश बहुतांशी आपसात खोडले जातात. शेवटच्या टप्प्याचा गोडवा सम-विषमावर टाकून मोकळं होता येत नाही. तरीही त्याच स्पीकरवर व्हॉल्व्हचा आणि ट्रान्झिस्टरचा ॲम्प आलटून पालटून लावला, तर फरक कळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. कारण ट्रान्झिस्टरचा ॲम्प सहसा स्पीकरला लगाम घट्ट धरून चालवतो, तर व्हॉल्व्हचा ॲम्प लगाम सैल सोडतो. स्पीकरला आपल्या नैसर्गिक कंपनाच्या जागी थोडं उसळू देतो, वरच्या पट्टीतही हात ढिला ठेवतो. याचा अर्थ काय झाला? व्हॉल्व्हची करामत स्पीकरला बोलू देण्यात आहे. आणि स्पीकर दरिद्री असेल, तर तो बोलून बोलून काय बोलणार! उलट बाजूने ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग पाहा. लॅब सिरीज एल ५ हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प त्यांनी वर्षानुवर्षं वापरला, आणि त्यांचा आवाज कोरडा होता असं म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. आवाज हातात असतो, असंही काही जण म्हणतील. असतो, पण प्रश्न एकाच हाताला तीन ॲम्प दिले तर काय होतं, हा आहे.

वॅटचा मोह हा स्वतंत्र विषय आहे, थोडक्यात सांगतो. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, १९६३ चा, ६एल६ व्हॉल्व्ह, सुमारे ८५ वॅट. तो कितीही वाढवला तरी बराच वेळ स्वच्छ राहतो. रॉकसाठी हा गुण की दोष, हे वाजवणाऱ्याने ठरवावं. दहा वॅटचा ॲम्प शंभर वॅटचा केला, तर कानाला आवाज दसपट वाटत नाही, जेमतेम दुप्पट वाटतो. पन्नासाचे शंभर केले, तर फक्त तीन डेसिबल. एवढा फरक तर नुसता जास्त कार्यक्षम स्पीकर बसवूनही पडू शकतो. लेड झेपलिनच्या १९६९ च्या पहिल्या रेकॉर्डवर जिमी पेजने वाजवलेला ॲम्प लहानसा सुप्रो होता, आणि ऐकणाऱ्यांची पिढीच्या पिढी त्याला मार्शलची भिंत समजत आली. आपल्याकडे रात्री १० नंतर ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, एप्रिलपासून पारा ४५ च्या आसपास घुटमळतो आणि व्हॉल्व्हचा ॲम्प स्वतः शेगडीसारखा तापतो. तीस किलोंचा ट्विन जिन्यावरून वर नेणं तर वेगळंच.

तेव्हा पैसे थोडे असतील, तर साधा ट्रान्झिस्टरचा किंवा डिजिटल ॲम्प चालेल, पण स्पीकर गिटारचाच घ्यावा. ऑर्केस्ट्रावाल्यांचा बारा इंची स्पीकर त्या जागी चालत नाही. त्याचा कोन जड असतो, आणि आवाजाला स्वतःचा रंग न देणं हेच त्याचं काम. खोकं हिंगणघाटचा किंवा आर्वीचा सुतारही करून देईल. मात्र घरात सागवान पडून आहे म्हणून ते वापरू नये. फेंडरने जुने ॲम्प अखंड पाइनमध्ये केले हे खरं, पण आपल्या उन्हाळ्यात सुकून पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडापेक्षा १८ मिलिमीटरचं चांगलं प्लायवुड सांधे घट्ट धरून ठेवतं. मागची फळी स्क्रूची करावी, म्हणजे काढून आणि लावून दोन्ही आवाज मिळतील. आणि गॅदरिंगच्या दिवशी साउंडवाला माइक ॲम्पसमोर कसाही टेकवून निघून जाईल, त्याला थांबवावं. माइक कोनाच्या मधोमध असला तर आवाज टोचरा येतो, कडेकडे सरकवला तर भरीव होत जातो. दोन बोटं सरकवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा जुना इंग्लिश व्हॉल्व्ह शोधून बसवल्यानेही सहसा पडत नाही. तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एकाने वाजवावं, एकाने माइक सरकवावा आणि तिसऱ्याने मंडपाच्या मागच्या खुर्चीवर बसून ऐकावं.