देयक पाण्याचे, ऋण नदीचे

(नागरी प्रश्नांवरील व्याख्यानमालेत मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांपुढे झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘यंदा पाण्याचे देयक एवढे कसे वाढले?’ चिटणीस महापालिकेकडे बोट दाखवतात, सभासद चिटणीसांकडे, आणि चहा आला की विषय संपतो. मूळ देयक मात्र कोणी वाचलेलेच नसते. आज ते वाचून पाहू.

मुंबईच्या देयकात दोन मुख्य रकमा असतात. पहिली जलआकाराची, दुसरी मलनिःसारण आकाराची. दुसरी ही पहिलीच्या ७० टक्के असते. म्हणजे पाणी घरी आणण्याचे एक मोल आणि वापरलेले पाणी परत नेण्याचे दुसरे. पहिली रक्कम वाढली की दुसरी आपोआप वाढते. ‘पाणीपट्टी’ म्हणून ज्याचा आपण उल्लेख करतो, तो वस्तुतः दोन सेवांचा हिशेब आहे.

हे मोल किती? २०२२ सालच्या दरवाढीनंतर निवासी इमारतींसाठी हजार लिटरचा दर ६ रुपये ३६ पैसे झाला. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर चौघांच्या कुटुंबाला महिन्याला १६,२०० लिटर पाणी लागते. त्या दराने जलआकार होतो सुमारे १०३ रुपये आणि मलनिःसारण आकार ७२ रुपये. रेल्वे फलाटावर पाण्याच्या बाटल्या घेताना एवढे पैसे खर्च झाल्याचे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

पाणी येते कुठून?

१८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले. त्यानंतर तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा असा हा पसारा वाढत गेला आणि २०१४ साली मध्य वैतरणा धरणाची भर पडली. शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून हे पाणी येते. पांजरापूर आणि भांडुप येथे ते शुद्ध होते. तानसा-वैतरणेचे पाणी बव्हंशी उताराने वाहत येते. भातसाचे मात्र विजेच्या पंपांनी उचलावे लागते. भातसा धरण राज्य शासनाचे असल्याने तेथील कच्च्या पाण्याचे पैसे महापालिकेला मोजावे लागतात. अशा घाऊक पाण्याचे दर २००५ च्या अधिनियमाने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. वीज, रसायने, कच्चे पाणी, कर्मचाऱ्यांचे वेतन यांपैकी काहीही स्वस्त होत नाही. म्हणूनच २०१२ च्या ठरावान्वये प्रशासनाला दरवर्षी कमाल ८ टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. ही वाढ दरवर्षी पूर्ण लागू झाली, तर नऊ वर्षांत दर दुप्पट होतो.

घरातच वाढणारे देयक

पण सगळी वाढ दरवाढीतून येत नाही. माणशी रोज १५० लिटरपर्यंत मूळ दर आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने दुप्पट, तिप्पट, चौपट, अशी पद्धत मुंबईने स्वीकारली. समजा, वीस सदनिकांच्या संस्थेत ऐंशी माणसे राहतात. त्यांना मूळ दराने मिळणारे पाणी रोजचे १२,००० लिटर. वापर १४,००० वर गेला, तर वरच्या २,००० लिटरना दुप्पट दर लागतो. पाणी वाढले एक षष्ठांश आणि देयक वाढले एक तृतीयांश! शौचालयाच्या टाकीतून मिनिटाला पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी झिरपत असेल, तर दिवसाकाठी २८८ लिटर वाया जाते. दोन माणसांच्या गरजेहून अधिक. संस्थेचा जलमापक एकच असल्याने एका घरची गळती वीस घरांच्या माथी बसते आणि वाया गेलेल्या पाण्यावर मलनिःसारण आकारही भरावा लागतो.

हाच न्याय महापालिकेलाही लागू आहे. शुद्ध केलेल्या शंभर लिटरपैकी तीस लिटर गळती आणि चोरीत गेले, तर शंभराचा खर्च सत्तर लिटरवर चढतो. प्रामाणिकपणे देयक भरणारा नागरिक फुटक्या जलवाहिनीचे आणि बेकायदा जोडणीचेही पैसे मोजतो. येथे त्याचा रोष पूर्णतः न्याय्य आहे.

परतीचा प्रवास

आता दुसऱ्या रकमेकडे येऊ. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नगररचनेत धरले जाते. मुंबईने हे पाणी दीर्घकाळ जुजबी प्रक्रिया करून सागराच्या पोटात सोडले. उरलेले नाल्यांतून मिठी नदीत गेले. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या पदरात काय टाकले, हे माहीमच्या खाडीपाशी उभे राहिले की कळते. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर या सात ठिकाणच्या मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. अशी केंद्रे एकदा बांधली की काम संपत नाही. ती रात्रंदिवस चालवावी लागतात. त्यामुळे खर्चाचा हा वाटा यापुढे वाढणारच, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

या रकमेत आणखी एक किंमत दडलेली आहे. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षणाविना गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला, तरी अशा मृत्यूंच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. यंत्राने सफाई करायची, तर पैसा लागतो. तो वाचवला की ते मोल आपल्याच एखाद्या बांधवाला प्राणांनी चुकवावे लागते. समरसतेचे बौद्धिक ऐकून घरी परतणाऱ्याने हे विसरून चालणार नाही. संस्थेची तुंबलेली टाकी साफ करायला कोणी स्वस्तात माणूस आत उतरवत असेल, तर त्याला रोखण्याचे धैर्य सभासदांत हवे.

दान आणि दाम

कोणी म्हणेल, पाणी ही देवाची देणगी, तिला दाम कसला? आपल्या परंपरेत पाणी विकत नसत, ते दान करीत, हे खरेच. पण दानाचाही खर्च कोणीतरी सोसतच होते. २०२५ साली जिच्या जन्माची त्रिशताब्दी झाली, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी विहिरी, बारवा, घाट बांधले, ते आपल्या खासगीच्या धनातून. पाणी तेव्हाही फुकट नव्हते. वाटसरूसाठी कोणीतरी त्याचे मोल आधीच दिलेले होते.

आणि आजचे दान कोण करते? ज्या शहापूर तालुक्यातील जलाशयांवर मुंबईची तहान भागते, तेथील कित्येक वनवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या सान्निध्यात राहणाऱ्या भगिनीच्या डोक्यावर हंडा आणि धरणापासून शंभर किलोमीटरवर मोटारी धुण्यासाठी नळी! देयकाच्या कागदावर हा आकडा कुठेच छापलेला नसतो.

म्हणून दर गोठवा, अशी घोषणा देणे सोपे असले, तरी तो उपाय नव्हे. गोठवलेल्या दराची भरपाई अखेर तुंबलेली गटारे आणि काळवंडलेल्या नद्या करतात. नागरिकाने देयक वेळेवर भरावे आणि त्याच हक्काने हिशेब मागावा : गळती किती थांबवली? मलनिःसारणासाठी घेतलेला पैसा त्याच कामी लागला का? पाणी देणाऱ्या गावांच्या पदरात काय पडले?

संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि नागरिक कर्तव्य ही दोन्ही सूत्रे आहेत. त्यांचा आरंभ घरापासून करता येईल. दर रविवारी संस्थेच्या जलमापकाची नोंद करावी, टाक्या तपासाव्यात, गळका नळ त्याच आठवड्यात दुरुस्त करावा आणि पुढच्या सभेत चहा येण्यापूर्वी देयक मोठ्याने वाचून दाखवावे.

नदीचे ऋण पैशाने फिटत नाही. पण निदान तिचे पाणी तिला स्वच्छ करून परत देता यावे, एवढे तरी आपल्या हातून घडो.