गाणाऱ्याने फायलीही उघडाव्यात



पत्रिकेत विषय छापलाय ‘जिल्बेर्तो जिल : संगीत आणि समाजकार्य’. जिल हा ब्राझीलचा गायक-गीतकार. मला मात्र एवढंच पटवायचंय, की समाजासाठी गाणाऱ्याने गाणं संपल्यावर सरकारी फायलीही उघडाव्यात.

ब्राझीलमधलं 1964 चं लष्करी बंड, ट्रॉपिकालिया या संगीत-चळवळीचा धुमाकूळ, 1968 च्या डिसेंबरात जिल आणि त्याचा साथीदार गायक काएतानो वेलोझो यांना लष्करी राजवटीत झालेली अटक, मग लंडनचा विजनवास, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. (हशा.) पुढे जाऊ.

1972 मध्ये जिल मायदेशी परतला. साल्वादोरच्या कार्निव्हलमधलं ‘गांधींची लेकरं’ नावाचं पथक तेव्हा मोडकळीला आलं होतं. गांधी म्हटल्यावर मागची रांग जागी झाली, तेव्हा इथे जरा थांबतो. महात्माजींचा खून झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, साल्वादोर बंदरातल्या हमालांनी हे पथक काढलं. पांढरे झगे, डोक्याला टॉवेलचे फेटे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा. ठेका इजेशा, म्हणजे कांदोंब्लेच्या पूजेतला. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी जपलेला हा धर्म. साल्वादोर ज्यात येतं त्या बाहिया राज्यात त्याच्या पूजेला 1976 पर्यंत पोलिसांचा परवाना लागे. आणि तोच ठेका गांधींचं नाव लावून भर रस्त्यातून चालला होता! बायकांना मात्र पथकात प्रवेश नाही. पुढच्या रांगेतली कुजबुज रास्त आहे.

जिल त्या उरल्यासुरल्या मंडळींत जाऊन बसला, पथकात दाखल झाला, त्यांच्यावर गाणं केलं. पुढे पथक हजारोंचं झालं.

चिठ्ठी आली : पाच मिनिटं. मुद्दा तर राहिलाच!

1988 मध्ये जिल साल्वादोरच्या नगरपरिषदेवर निवडून गेला. 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या सरकारात सांस्कृतिक मंत्री झाला. 2004 मध्ये त्याच्या खात्याने ‘संस्कृती-केंद्रां’ची योजना आणली. वस्तीतलं नाटकमंडळ, ढोलपथक, आदिवासींचा गट, ज्यांचं काम आधीच चालू आहे त्यांना अनुदान, शिवाय ध्वनिमुद्रणाचं साहित्य आणि मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारे संगणक. नवी इमारत नाही. कोनशिलेशिवाय मंत्री, कल्पना करा! (टाळ्या.) जे चालू आहे त्यालाच हात द्यायचा, हे तो त्या हमालांच्या पथकात शिकला, असा माझा तर्क आहे.

आता कुणी म्हणेल, हप्ते रखडले, हिशेब देताना छोट्या मंडळांच्या नाकी नऊ आले. आले. मंत्री असून मैफली करतो, अशी टीकाही झाली. म्हणून काय फायली फक्त बेसुऱ्यांच्याच हाती ठेवायच्या? एक पथक गाण्याने उठतं. गावोगावची उठवायची तर कुणाला तरी मंजुरीच्या कागदावर सही करावी लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात जिलच्या गाण्याला तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ढोलाची साथ केली, तो किस्सा राहिला. प्रश्नोत्तरांना वेळ नाही, असं अध्यक्ष खुणावताहेत. खाली चहा आहे. ज्यांना पटलं नाही त्यांनी तिथे भांडावं.