वरळीच्या कोळ्यांची समुद्रवाट



वांद्र्याहून सागरी सेतूवरून दक्षिणेकडे येताना डाव्या हाताला एक जुना किल्ला आणि त्याला बिलगलेली दाट वस्ती दिसते. तो वरळी कोळीवाडा.

मुंबई सात बेटांची होती, तेव्हा वरळी त्यांतलं एक बेट होतं. पोर्तुगीज येण्याआधीपासून इथे कोळी राहत होते. १६६१च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६७५च्या सुमारास इंग्रजांनी माहीमच्या उपसागरावर नजर ठेवायला वरळीच्या टोकावर किल्ला बांधला. पुढे वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधली खिंड हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने १७८४च्या सुमारास बुजली. भरतीचं पाणी आत शिरायचं थांबलं, खाजण हळूहळू सुकलं आणि बेट मुंबईत विरून गेलं.

कोळीवाडा मात्र राहिला. टेकडीवरच्या गोल्फादेवीला कौल लावायचा, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करायचा, पुरुषांनी जाळी टाकायची आणि बायकांनी बाजारात म्हावरं विकायचं, हा क्रम चालत राहिला.

२००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. २०१८मध्ये किनारी रस्त्याचं काम सुरू झालं. त्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव पडला. हा रस्ता सेतूला जोडणारा पूल नेमका कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या वाटेवर आला. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर पुरेसं आहे, असं अभियंत्यांचं म्हणणं होतं.

कोळ्यांनी २०० मीटर मागितले. वारा आणि लाटा होडीला एका रेषेत राहू देत नाहीत, समोरून दुसरी होडी आली तर बाजूला सरकायला जागा लागते आणि खडकाळ किनाऱ्यावर चूक सावरता येत नाही, हे त्यांचं रोजचं ज्ञान होतं. मागणी ऐकली जात नाही म्हटल्यावर त्यांनी होड्या पाण्यात उभ्या करून काम अडवलं. अखेर २०२२च्या डिसेंबरात सरकारने १२० मीटरचं अंतर मान्य केलं. त्यासाठी आराखड्यातला एक खांब वगळावा लागला.

आता वांद्रे ते वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे. त्या किनाऱ्यावर खारदांडा, जुहू आणि वर्सोवा इथे कोळीवाडे आहेत. होड्या कुठून निघतात, जाळी कुठे लागतात, हे तिथल्या नाखवांना खांब रोवण्याआधी विचारलं गेलं पाहिजे. काम अडवण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये.