तू कोणाचा?

वसईत निर्मळ, वाघोलीच्या वाड्यांत अनोळखी पोर दिसलं की म्हातारी विचारते, "कोणाचा रे तू?" नाव नंतर, घर आधी. मानसशास्त्राच्या चाचण्या मात्र 'तू कोण?' असं विचारून एकट्या माणसाचे गुण मोजत आल्या. २०१० साली संशोधक जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मनाविषयीचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकल्यासवरल्या, सुखवस्तू माणसांवरून काढलेले आहेत. ते साऱ्या जगाला लावणं चूकच.

दुःख सांगायची रीतही सगळीकडे सारखी नसते. आपल्याकडे ते अंगातून बोलतं. 'छातीत धडधडतं', 'अन्न गोड लागत नाही', 'कशात जीव रमत नाही'. हेच शब्द, आपल्या बोलीत, डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. क्रमांक आहे १४४१६.